पिंपातलं गोडं पाणी

"पिंपाला कोणी हात लावला होता का?"

केंकरे मॅडमनी हे विचारलं तेव्हा बाबा फडक्याला हात पुसत होते, मुणगेकर शेट दारात उभे होते आणि मी चहाची किटली घेऊन कॉम्प्रेसरच्या खोलीपाशी. मॅडम ओल्या फरशीवरच मांडी घालून बसलेल्या, मांडीवर लॅपटॉप. आवाज चढवला नव्हता त्यांनी. दुकानात सुटे आहेत का विचारावं तसं विचारलं.

"कोणी नाय मॅडम," बाबा म्हणाले. "मीच होतो ड्युटीवर. हंय दुसरा कोण येतला?"

मी किटली खाली ठेवली. कारण त्याच दिवशी सकाळी सहाला काय झालं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

या गोष्टीला चार वर्षं झाली. मी तेव्हा पंधराची. नववीत सरांनी मला खडू फेकून मारला, मी तोच उचलून त्यांना परत मारला, आणि माझा नेम त्यांच्यापेक्षा चांगला निघाला. शाळा तिथंच सुटली. घरात बसवत नव्हतं, आई वैतागायची, म्हणून मी दिवसभर बंदरावर नाहीतर बाबांच्या बर्फाच्या फॅक्टरीत. फॅक्टरी मुणगेकर शेटची, बाबा तिथं ऑपरेटर. वासू कोयंडे म्हटलं की बंदरावर सगळे ओळखायचे, कारण त्यांच्या लादीतून पलीकडचा माणूस दिसायचा.

ते कसं, सांगते. बर्फाची लादी बाहेरून आत गोठत जाते. पाण्यातलं मीठ, माती, सगळी घाण गोठायला तयार नसते, ती सरकत सरकत मधे गोळा होते. आमच्या बंदरावरच्या विहिरीचं पाणी मचूळ, त्यामुळे मधे जरा जास्तच. ते तसंच ठेवलं तर लादीचं पोट पांढरं राहतं आणि बोटीच्या खणात पहिलं तेच फुटतं. म्हणून शेवटी शेवटी नळी घालून मधलं खारट पाणी खेचून काढायचं आणि तिथं गोडं पाणी भरायचं. बाकीचे ऑपरेटर कंटाळा करायचे. बाबा एकही लादी सोडायचे नाहीत. वीस वर्षं तेच करत होते, झोपेतसुद्धा हात चालले असते.

त्या वर्षी मात्र बाबांचे दिवस बरे नव्हते. आधी अमोनियाचा वॉल्व नीट बंद झाला नाही, अख्खी जेटी डोळे चोळत पळाली. मग एका खेपेचा बर्फ मऊ निघाला. शेटनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, वासू, आता तिसरी चूक झाली की घरी बसायचं. बाबा त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत.

आणि नेमकं त्याच महिन्यात केंकरे मॅडम आल्या.

गोव्याच्या एका संस्थेत त्या समुद्राचा अभ्यास करायच्या. आपल्या समुद्राचा नाही, पार खाली, दक्षिण ध्रुवाजवळच्या. दोनदा जाऊन आलेल्या. केस बारीक कापलेले, बोटांना सतत चिकटपट्ट्या. त्यांच्या संस्थेतली थंड खोली बिघडली, गोव्यातल्या बर्फवाल्यांना सीझनमध्ये वेळ नव्हता, आणि शेटचा कोणी भाचा त्यांच्या ओळखीचा निघाला. शेटना वाटलं पेपरात फोटो येईल. त्यांनी मागच्या बाजूची रिकामी जागा देऊन टाकली.

मॅडमनी एक निळं पिंप आणलं. त्याला खालून, बाजूनं जाड थर्माकोल. बाबांच्या मित्राच्या बोटीतून खोल समुद्राचं पाणी आणून त्यात भरलं. वर स्टीलचं रुंद ताट, आणि त्या ताटात आमच्या टाकीतलं उणे दहाचं, न गोठणारं मिठाचं पाणी फिरत ठेवलेलं. म्हणजे पिंपातला समुद्र वरून खाली गोठत जाणार, तिकडं गोठतो तसा. बर्फ फुगल्यावर पिंप फुटू नये म्हणून बाजूनं एक उभी नळी काढलेली, तळाला एक नळ. आणि मधोमध सोडलेली ती काळी तार.

सगळं होतं ते त्या तारेसाठी. तिला दर दोन सेंटीमीटरवर एक मण्याएवढा थर्मामीटर. कुठपर्यंत बर्फ आहे आणि कुठून पाणी सुरू होतं, ते ती तार दर मिनिटाला सांगायची. मॅडम आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी तीन वर्षं खपून बनवलेली. तिकडच्या बर्फात भोक पाडून ती सोडायची आणि वर्षभर तिथंच ठेवायची, ती सॅटेलाइटवरून निरोप पाठवत राहणार.

मी विचारलं, बर्फ तर सॅटेलाइटवरून दिसतो ना, टीव्हीवर दाखवतात. त्या म्हणाल्या, पसरलाय किती ते दिसतं. जाड किती आहे ते वरून नीट कळत नाही. आणि हल्ली तो असा काही कमी होतोय की कोणाचेच अंदाज बरोबर येत नाहीत. तिकडं समुद्र गोठतो तेव्हा मीठ खाली पडतं, ते जड गार पाणी तळाला जातं आणि तिथून सगळ्या समुद्रांत फिरतं. बर्फच कमी झाला तर ते फिरणं कसं बदलेल, वाऱ्यांचं काय होईल, हे सांगायला आधी मापं तर हवीत.

जेटीवरचे लोक बघायला यायचे. जनूकाका म्हणाले, "बांगडो खंय गेलो ता सांगता काय ह्या यंत्र?" सगळे हसले. मॅडमपण हसल्या, म्हणाल्या, नाही सांगत. बाबांनी हळूच विचारलं, मग आपला पाऊस? मॅडमनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, काही लोकांच्या अभ्यासात संबंध दिसतोय, पण छातीठोक सांगण्याइतकं मला माहीत नाही. मला ते आवडलं. आमच्या शाळेत मला माहीत नाही असं कोणी म्हणत नसे.

सोमवारी गोव्यात कंटेनर बंद होणार होता. तो जहाजावर जाणार आणि जहाज वर्षातून एकदाच. त्याआधी रविवारी मॅडमना कमिटीपुढं तारेचा रिपोर्ट ठेवायचा होता. तार पास झाली तर कंटेनरमध्ये, नाहीतर पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षी पैसे देणारे दुसऱ्याच कोणाला तरी देतील असं त्या फोनवर कोणाला तरी सांगत होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, पिंपाला कोणी हात लावायचा नाही.

शुक्रवारी संध्याकाळी लॉजवर जाताना त्या बाबांसमोर म्हणाल्या, "बर्फ फार हळू वाढतोय हो. उद्यापर्यंत अजून थोडा व्हायला हवा होता."

एवढंच. उगाच, दमलेलं माणूस बोलतं तसं.

शनिवारी सकाळी सहाला मी बाबांचा डबा घेऊन गेले. बाबा पिंपापाशी. तळाच्या नळाचं पाणी बोटावर घेऊन त्यांनी जिभेला लावलं आणि थुंकले.

"जहर," म्हणाले. "हेच्यान कसा गोठतला?"

मी म्हटलं, मॅडमनी हात लावू नका म्हणून सांगितलंय.

"हात खंय लावतंय? पाणी बदलतंय," बाबा म्हणाले. "मॅडम येऊन बघतली आणि खूश होतली."

त्यांनी तळाचा नळ सोडला. साच्यातून लाद्या सोडवायच्या हौदातलं गारेगार गोडं पाणी बादलीत घेतलं. त्या उभ्या नळीचं तोंड बाबांच्याही डोक्याच्या वर होतं. त्यांनी बादली दोन्ही हातांनी उचलून सावकाश ओतली, एक थेंब सांडला नाही. मग दुसरी. नळ बंद केला, पिंप फडक्यानं पुसून काढलं. तोंडावर असा आनंद की मला त्यांना अडवावंसं वाटलं नाही.

आणि आता नऊ वाजता मॅडम विचारत होत्या आणि बाबा नाही म्हणत होते. मला आधी वाटलं, त्यांना समजलंच नसेल हात लावणं म्हणजे काय. पण त्यांनी एकदा दाराकडं बघितलं, शेटकडं. समजलं होतं.

मॅडम मग सकाळभर त्या तारेच्या मागं लागल्या. जोडण्या सोडल्या, परत केल्या. फोनवर विद्यार्थ्याशी बोलत होत्या, अकरा ते चौदा नंबरचे मणी वेडेवाकडे आकडे देतायत, पाणी आत शिरलं असणार. शेट दोनदा येऊन विचारून गेले, आमच्या फॅक्टरीमुळं तर काही नाही ना? मॅडम म्हणाल्या, नाही, आमचीच तार खराब निघाली.

मी बाबांना कॉम्प्रेसरच्या मागं गाठलं. तिथं इतका आवाज की कानाला तोंड लावून बोलावं लागतं. मी म्हटलं, "बाबा, तुमी सांगा मॅडमक."

त्यांनी फडक्यानं गेजची काच पुसायला घेतली. मी परत म्हटलं, नाहीतर मी सांगते.

"तुका कोणी विचारल्यान?" त्यांनी माझा दंड धरला. बाबांनी मला कधी धरलं नव्हतं असं. "शेटनं माका काढल्यान तर खातलंस काय? तुझ्यासारख्या माका शाळा सोडून फिरूक गावणा नाय."

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, तुमच्यामुळं त्या बाईची तीन वर्षं पाण्यात जातायत. ते म्हणाले, ती मोठी माणसं आहेत, दुसरी तार करतील, त्यांना कोण घरी बसवतंय? मी म्हटलं, चांगलं करायला गेलात म्हणून सांगा ना, चोरी नाही केलीत. तेव्हा ते काहीतरी बोलले, पण कॉम्प्रेसरच्या आवाजात मला ऐकू आलं नाही आणि त्यांनी परत सांगितलं नाही.

मी बाहेर जाऊन जेटीवर बसले. बोटी लागत होत्या. मासे पाटीत ओतत होते, वर आमचाच बर्फ फोडून पसरत होते. मी मनात दोन्ही बाजू किती वेळा घोळवल्या. सांगितलं तर बाबा घरी. नाही सांगितलं तर ती तार कपाटात. तिसरं काही सुचत नव्हतं. दगड घेऊन पाण्यात मारत बसले, एका नाखव्याच्या शिव्या खाल्ल्या, त्याला त्याहून मोठ्या दिल्या.

तीन वाजता परत गेले तेव्हा मॅडम सामान भरत होत्या. बर्फातून सोडवलेली तार गुंडाळून खोक्यात. त्यांचे डोळे लाल नव्हते वगैरे, पण चिकटपट्टीचं टोक शोधायला त्यांना खूप वेळ लागत होता. मी टोक काढून दिलं.

"काय झालं तारेला?" मी विचारलं.

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. बरेच रंगीत दोरे आडवे चाललेले. त्यांतले चार एका ठिकाणी एकदम वर उसळलेले, आणि मग हळूहळू खाली. त्या म्हणाल्या, हे बघ, बर्फाच्या खालचं पाणी उणे दोनच्या आसपास होतं, ते एकाएकी शून्यापर्यंत चढलं. आणि नंतर दोन तासांत इथं चार-पाच सेंटीमीटर बर्फ झाला म्हणतेय. अख्ख्या रात्रीत जेवढा होत नाही तेवढा. असं होऊच शकत नाही. खोटं बोलतेय तार.

मी खालचे आकडे वाचले. सहा वाजून दहा मिनिटं.

ते दोरे मला ओळखीचे वाटले. पहिली बादली तिथं. जरा थांबून दुसरी, तिथं अजून एक छोटी उसळी. बाबांनी मधे बादली भरायला घेतलेला वेळसुद्धा त्यात होता. त्या काळ्या तारेनं बाबांना बघितलं होतं, मी बघितलं तसंच.

"खोटं नाही बोलत ती," मी म्हटलं.

मॅडमनी खोकं बाजूला सरकवलं.

"मी गोडं पाणी ओतलं," मी म्हटलं. "सकाळी सहाला. दोन बादल्या. हौदातलं. खालचं खारं पाणी नळातून सोडलं आणि वरून ओतलं. लादी नीट व्हायला आम्ही असंच करतो."

मी ठरवून नाही बोलले. 'बाबांनी' म्हणायला तोंड उघडलं आणि 'मी' आलं.

मला वाटलं, आता ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला आणि प्रश्नांवर प्रश्न. बादली केवढी? नळ आधी सोडला की पाणी आधी ओतलं? दोन बादल्यांत अंतर किती? हौदातलं पाणी किती गार असतं? मी सगळं सांगितलं, मिनिटासकट. त्या बोटानं त्या उसळ्या तपासत गेल्या आणि त्यांचा चेहरा बदलत गेला.

"गोडं पाणी हलकं," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "वर गेलं, बर्फाला खालून चिकटलं, आणि खालच्या खाऱ्या गारठ्यावर तिथंच गोठलं. अगं, हे खरंच होतं तिकडं. उन्हाळ्यात वितळलेलं गोडं पाणी बर्फाच्या पोटाखाली शिरतं आणि परत गोठतं. खोटा तळ तयार होतो. बर्फ आहे त्यापेक्षा जाड वाटतो. आमची तार ते पकडेल की नाही, हे तपासायची मला हिंमत झाली नव्हती." त्या पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या. "आणि तिनं पकडलं."

मग त्या उठल्या. पिंपापाशी गेल्या, त्या उभ्या नळीकडं वर बघितलं. मग माझ्याकडं. मी तेव्हा जेमतेम पाच फूट, हाताच्या काड्या. त्यांनी खिडकीतून पलीकडं बाबांकडं बघितलं, बाबा पाठमोरे गेजपाशी होते.

"भरलेली बादली तू उचललीस," त्या म्हणाल्या.

"हो."

"या नळीपर्यंत."

"स्टूल घेतलं."

तिथं स्टूल नव्हतं. कधीच नव्हतं. मॅडमनी इकडंतिकडं बघितलं नाही. त्यांनी बोटावरची सुटत आलेली चिकटपट्टी दाबून बसवली. मग म्हणाल्या, "कमिटीला नुसतं माझ्या तोंडचं चालणार नाही. कोणी केलं, किती वाजता, किती पाणी, हे लिहून द्यावं लागेल. देशील?"

मी कागद घेतला. शाळा सोडल्यापासून पहिल्यांदा चार ओळींच्या वर लिहीत होते. मी, तेजल वासुदेव कोयंडे, इथून सुरुवात केली. अक्षर घाण आलं. पण वेळ, बादल्या, हौद, नळ, सगळं खरं लिहिलं. एक शब्द सोडून सगळं.

मॅडमनी वाचलं, खाली तारीख घातली आणि म्हणाल्या, "तू अठराची नाहीस. घरच्या मोठ्या माणसाची सही लागेल."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तेवढ्यात शेट आले. मॅडमनी त्यांना सांगितलं, तार चांगली आहे, गडबड मुलीच्या हातून झाली, उलट तिच्यामुळं आमचं काम झालं. शेटनी पुढचं काही ऐकलं नाही. माझ्यावर तोंड सोडलं, कार्टी, शाळेतून हाकलली, आता इथं नासधूस करायला येते. मग बाबांना हाक मारली.

बाबा आले. फडकं खांद्यावर.

"वासू, पोर तुझी काय करून बसली बघ," शेट म्हणाले. "तुझी चूक नाही म्हणून सोडतोय. पण उद्यापासून ही फॅक्टरीत दिसता कामा नये."

बाबांनी मान हलवली. मॅडमनी कागद त्यांच्या हातात दिला. बाबा वाचायला हळू होते, ओठ हलवत वाचायचे. मी त्यांच्या ओठांकडं बघत होते. माझं नाव आलं. सहा वाजून दहा मिनिटं आलं. दोन बादल्या आल्या. मग ते परत वर गेले, पहिल्या ओळीवर, आणि तिथं थांबले.

मला नीट आठवतं, त्या वेळी मला भीती वाटत नव्हती. शेटनी काढलं असतं, आई रडली असती, काय व्हायचं ते झालं असतं. मी वाट बघत होते. मघाशी मी जे 'मी' म्हटलं ना, ते मी त्यांच्यासाठी खाली ठेवल्यासारखं ठेवलं होतं. वाकून उचलायचं होतं फक्त. मला खात्री होती, ते उचलणार. ज्या माणसानं दुसऱ्याच्या पिंपातसुद्धा मचूळ पाणी राहू दिलं नाही, तो हे कसं राहू देईल?

मॅडमपण बघत होत्या. कंटेनर सोमवारी होता, आणि त्यापण काही बोलल्या नाहीत.

बाबांनी कागद तारेच्या खोक्यावर ठेवला. फडक्याला हात पुसले, कागद ओला होऊ नये म्हणून परत एकदा पुसले. मॅडमकडून पेन घेतलं. माझ्याकडं बघितलं नाही.

"खंय करू?" त्यांनी विचारलं.

मी बोट ठेवून जागा दाखवली.